पेशींची चढाओढ: संत्र्याच्या बागेतल्या माशा आणि दाण्यांचा पट (प्रकल्प नोंदी)

२४ ऑगस्ट

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बारावीच्या मुलांबरोबर विषय पक्का केला: एकाच उतीतल्या पेशींची आपसातली चढाओढ. पुस्तकात पेशी म्हटलं की सगळ्या मिळून काम करतात, इथपर्यंतच येतं. धडधाकट अंगातसुद्धा एक पेशी शेजारणीला मरायला लावते आणि तिची जागा घेते, हे कुठे येत नाही. मी सांगितलं तेव्हा वर्गाचा पहिला प्रश्न होता, "मंग आपल्या अंगात बी असंच चालू हाय काय, मॅडम?" हो, चालू आहे. प्रकल्पाला याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती.

हे सगळं पहिल्यांदा दिसलं ते फळमाशीत, आणि फळमाशी इथे शोधायला जावं लागत नाही. वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची फळगळ सुरू आहे. पोळा झाला की झाडाखाली संत्र्यांचा सडा पडतो आणि त्यावर माशांचे थवे असतात.

आखणी अशी: माशा बाटलीत पाळायच्या, अळीतली पंखाची चकती (पुढे जिच्यातून पंख घडतो तो पेशींचा थर) काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, आणि प्रत्यक्ष चढाओढ पटावर मांडून दाखवायची. खरी चढाओढ माशीत बघायला खास वाण आणि खास सूक्ष्मदर्शक लागतो, तो आपल्याकडे नाही. पण नियम कळले तर पट खरं बोलतो.

२८ ऑगस्ट

जामच्या बाटल्या उकळून घेतल्या. मक्याचं पीठ, गूळ, बेकरीतलं यीस्ट आणि घट्टपणासाठी किराण्यातलं चायना ग्रास. शिजवून गरमच ओतलं, वर कापसाचा बोळा. दोन मुलांनी बागेतून सडक्या फोडी ठेवलेली बाटली आणली. भिंगाखाली दोन जाती वेगळ्या दिसल्या. एकीच्या डोक्यापासून पाठीवर चांदीसारखे पांढरे पट्टे: ती झॅप्रिओनस. दुसरी पिवळसर, लाल डोळ्यांची, नराच्या पोटाचं टोक काळं: ती ड्रोसोफिला, आपल्या कामाची. पट्टेवाल्या सोडून दिल्या. मुलांना मात्र त्याच जास्त आवडल्या होत्या.

बाटल्या माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवल्या. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात. तिशीच्या वर गेलं की नर निकामी होऊ लागतात, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत.

३ सप्टेंबर

महालक्ष्म्यांची सुट्टी संपली. दोन बाटल्यांना बुरशी लागली, त्या टाकल्या. बाकीच्यांत अळ्या दिसतायत.

आज मूळ प्रयोग सांगितला. १९७५ साली माद्रिदमध्ये हिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल फळमाशीचा मायन्यूट नावाचा वाण अभ्यासत होते. हा वाण जुना; फळमाशीवर आनुवंशिकता अभ्यासणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९२० च्या दशकातच त्याची नोंद केली होती. पुढे कळलं की यातल्या बहुतेक माशांत रायबोझोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) एखाद्या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. दोन्ही प्रती बिघडल्या तर माशी जन्मतच नाही. एक बिघडली तर जन्मते, फक्त वाढायला जास्त दिवस घेते आणि अंगावरचे केस आखूड, बारीक येतात. बाकी माशी साबूत. उडते, अंडी घालते, पंख पूर्ण.

मोराता आणि रिपोल यांनी क्ष-किरण वापरून एकाच पंखात दोन तऱ्हेच्या पेशी तयार केल्या: काही मायन्यूट, काही नेहमीच्या. वाढ पुरी झाल्यावर बघितलं तर मायन्यूट पेशींचा ठिपका नाहीसा. पंख मात्र नेहमीच्या मापाचा, नेहमीच्या आकाराचा. ज्या पेशी एकट्या असताना आख्खा पंख घडवतात, त्याच पेशी धडधाकट शेजारणींच्या गराड्यात संपून जातात.

मी फळ्यावर दोन्ही पंख काढले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न वहीत जसाच्या तसा लिहून ठेवते: "थ्या पेशी बिमार नोयत्या, मंग मेल्या काऊन?"

आपला प्रकल्प या प्रश्नाचा आहे. पोस्टरवर वरच्या बाजूला हाच प्रश्न, याच शब्दांत लिहायचा.

५ सप्टेंबर

एक मुलगा म्हणाला, मेल्या कशाला म्हणायच्या, मागे पडल्या असतील. हळू वाढतात, म्हणून दिसेनाशा झाल्या. शंका रास्त आहे, म्हणून फळ्यावर हिशेब केला. आकडे सोयीचे घेतले, तत्त्व खरं. नेहमीची पेशी दर १० तासांनी दुप्पट होते, मंद पेशी दर १५ तासांनी. वेळ ९० तास. पहिली नऊदा दुप्पट होते, दुसरी सहादा. म्हणजे एका नेहमीच्या पेशीच्या ५१२ आणि एका मंद पेशीच्या ६४.

६४ पेशी म्हणजे शून्य नव्हे. ५१२ शेजारी ६४ चा ठिपका लहान दिसेल, पण दिसेल. नुसत्या मंदपणाने ठिपका बारीक होतो, नाहीसा होत नाही. पूर्ण नाहीसा व्हायला त्या ६४ ना कुणीतरी मारावं लागतं, किंवा मरायला लावावं लागतं.

शंका काढणाऱ्या मुलाने स्वतः तिसऱ्या तऱ्हेचा हिशेब मांडला: दर २० तासांनी दुप्पट होणारी पेशी. ८० तासांत चारदा दुप्पट, १६ पेशी. म्हणाला, "तरी बी सोळा राहतेतच." वर्गाला पटलं. ही आकडेमोड मोठ्या अक्षरात पोस्टरवर जाणार.

८ सप्टेंबर

शाळेतून येताना एका मुलाच्या वडिलांनी वावरात बोलावलं. मुलाने घरी पेशींची गोष्ट सांगितली होती, आणि त्यांना काही दाखवायचं होतं. पऱ्हाटीच्या तासात एका जागी बी उगवलं नव्हतं, तिथे त्यांनी नंतर नांगं भरलं होतं. आजूबाजूची झाडं कमरेच्या वर, फुलपात्यांवर आलेली. नांग्यातलं झाड गुडघ्याएवढं, वरची पानं शेजारच्या झाडाखाली दबलेली, पात्या नावाला.

"बी तेच, माती तेच," ते म्हणाले. "आख्खं वावर त्याच दिवशी टोबलं असतं तं यालेबी बोंडं धरली असती. हे बिमार नाही मॅडम, हे शेजारानं मारलं."

मायन्यूट पेशीची निम्मी गोष्ट या माणसाने तासात उभं राहून सांगितली. आता उरलेलं निम्मं, कारण तिथे पऱ्हाटी आणि पेशी वेगळ्या होतात. नांग्यातलं झाड ऊन आणि खत कमी पडून खुंटतं. शेजारचं झाड त्याला मर म्हणत नाही. पंखाच्या चकतीत हरणारी पेशी उपाशी मरत नाही. तिच्या आतलाच मरणाचा कार्यक्रम सुरू होतो, ज्याला अपोप्टोसिस म्हणतात: गुणसूत्रांचे तुकडे होतात, पेशी आक्रसते आणि तिचे अवशेष शेजारच्या पेशी किंवा रक्तातल्या पेशी गिळतात. हा कार्यक्रम औषधाने नव्हे तर जनुक घालून बंद पाडला, की हरणाऱ्या पेशी तगून राहतात. २००२ साली मोरेनो, बास्लर आणि मोराता यांनी हे दाखवलं. मरण अडवलं की पराभव अडतो, याचा अर्थ मरण हेच पराभवाचं साधन आहे.

मुलाला सांगितलं, पोस्टरवर नांग्याचं चित्र घे आणि त्याखाली हा फरकही लिही. फरक गाळला तर चित्र लोकांना चुकीचं शिकवेल.

१२ सप्टेंबर

आज चकती दिसली.

बाटलीच्या काचेवर चढून आलेली तिसऱ्या अवस्थेची अळी घ्यायची. ती कोषात जायच्या बेतात असते आणि चकती तेव्हा सगळ्यात मोठी असते. काचपट्टीवर मिठाचं पातळ पाणी, ०.७ टक्क्यांचं. एका चिमट्याने अळीचं मधलं अंग धरायचं, दुसऱ्याने तोंडाजवळचे काळे आकडे, आणि हळूच ओढायचं. आतलं सगळं बाहेर येतं. पहिल्यांदा लक्ष जातं लाळग्रंथींकडे: दोन पारदर्शक पिशव्या, त्यातल्या पेशी इतक्या मोठ्या की साध्या भिंगानेही मोजता येतात. मुलं तिथेच अडकली. त्यांना पुढे ढकलावं लागलं.

पंखाची चकती श्वासनळीला चिकटून असते. आकार पेरूच्या उभ्या कापासारखा, एक टोक निमुळतं, मध्ये वळ्या. टाचणीच्या डोक्याहून लहान. अळी अंड्यातून निघते तेव्हा या चकतीत ३० ते ५० पेशी असतात; कोषाच्या वेळी ३० ते ५० हजार. हजारपट म्हणजे दहादा दुप्पट, आपल्या फळ्यावरच्या हिशेबाच्या जवळपास. यातूनच पुढे पंख उलगडतो.

सूक्ष्मदर्शकाची बत्ती लाइन गेल्याने बंद झाली. आरसा खिडकीकडे वळवून उन्हात बघितलं, उलट जास्त स्वच्छ दिसलं. वळ्यांच्या कडेला पेशी इतक्या दाटीने असतात की वेगळी पेशी डोळ्याला लागत नाही, नुसता दाणेदार पोत. एका मुलीने बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि विचारलं की यात मरणाऱ्या पेशी कशा ओळखायच्या. त्यासाठी विशिष्ट रंग आणि तो चमकवणारा दिवा लागतो. पण आपण पकडलेल्या माशांत सगळ्या पेशी एकाच तऱ्हेच्या आहेत, तिथे ही झुंज नाही. झुंज लागायला अंगात दोन तऱ्हा हव्यात.

१५ सप्टेंबर

पट तयार. पुठ्ठ्यावर षटकोनी घरं आखली, कारण षटकोनात प्रत्येक घराला बरोबर सहा शेजारी मिळतात. पेशींच्या थरातही सरासरी सहाच्या आसपास शेजारी असतात. तुरीचा दाणा म्हणजे नेहमीची पेशी, सोयाबीनचा म्हणजे मंद पेशी. एक फेरी पाच तासांची. तूर दर दुसऱ्या फेरीला दुप्पट होते, सोयाबीन दर तिसऱ्या फेरीला. शेजारी रिकामं घर असेल तरच.

पहिला नियम एवढाच ठेवून खेळलो. पट भरला तेव्हा सोयाबीनची लहान बेटं शिल्लक होती. फळ्यावरचा हिशेब पटावर उतरला.

मग दुसरा नियम: ज्या सोयाबीनला तीन किंवा अधिक तुरी चिकटल्या असतील तो उचलायचा. रिकामं घर ज्याच्या दाण्याची पाळी आधी येईल त्याचं. बेटं कोपऱ्यापासून झिजायला लागली. कोपऱ्याच्या दाण्याला तीन तुरी लागतात, तो गेला की त्याच्या शेजाऱ्याला तीन लागतात, तो जातो. शेवटी एकही सोयाबीन नाही. पट तेवढाच, भरलेला, सगळा तुरीचा.

आणि मग नुसत्या सोयाबीनचा पट भरला. काही झालं नाही. सावकाश भरला, पूर्ण भरला. मुलांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता त्यांना तो प्रश्न स्वतःचा वाटतोय.

१७ सप्टेंबर

आज पटाने आम्हाला काहीतरी शिकवलं, जे मी त्यात घातलेलं नव्हतं.

दोन मुलांनी सोयाबीनचं बेट न करता पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ पट्टा मांडला. दोन्ही बाजूंना तूर. पट्टा हलला नाही. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, एकही दाणा उचलावा लागला नाही. कारण कागदावर काढून बघितलं: सरळ रेषेवरच्या दाण्याला पलीकडचे फक्त दोनच शेजारी लागतात. नियम तीनचा. मग एकाने रेषेतला एक सोयाबीन काढून तिथे तूर ठेवली. लगेच दोन्ही बाजूंच्या दाण्यांना तीन-तीन तुरी लागल्या, ते गेले, मग त्यांचे शेजारी, आणि पूर्ण ओळ साफ झाली. त्याखालची ओळ पुन्हा सरळ. पुन्हा थांबलं.

म्हणजे मरण किती होणार हे दोघांची सीमा कशी आहे त्यावर ठरतं. सरळ सीमा शांत, दातेरी सीमा मारक. खऱ्या माशीतही याला आधार आहे. २०१५ साली लेव्हाये आणि मोरेनो यांच्या गटाने दाखवलं की हरणाऱ्या पेशीचा जेवढा जास्त पृष्ठभाग जिंकणाऱ्या पेशींना चिकटलेला असतो, तेवढी ती मरण्याची शक्यता वाढते. आणि जिंकणाऱ्या पेशी शेजारणींत मिसळून घुसतात, त्यामुळे हा संपर्क वाढतो. मिसळणं रोखलं तर मारणं मंदावतं.

ज्या मुलाने रेषेत तूर ठेवली त्याला विचारलं, का ठेवलीस? म्हणाला, "सरळ पाहून मले बरं नाही वाटलं." ठीक आहे. शास्त्रज्ञही पुष्कळदा तिथूनच सुरुवात करतात.

१९ सप्टेंबर

तिसरा नियम: पटाच्या मधून लाल रेघ. रेघेच्या पलीकडचा शेजारी मोजायचा नाही.

फळमाशीच्या पंखाचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतात. नसांत ते दिसत नाहीत, पण पेशी एका कप्प्यातून दुसऱ्यात जात नाहीत. १९७३ साली गार्सिया-बेयिदो, रिपोल आणि मोराता यांनी हे दाखवलं, तेही मायन्यूट माशीच वापरून: मंद पेशींच्या पंखात एक नेहमीची पेशी घातली तर तिचा ठिपका कप्पाभर पसरतो आणि सीमेवर सुरीने कापल्यासारखा थांबतो. चढाओढही एका कप्प्यापुरतीच चालते. पटावर रेघ आखून खेळलो तर अलीकडची सोयाबीन गेली, पलीकडची तशीच. यावर वेळ थोडाच दिला, पण कोपऱ्यात रेघ राहू द्यायची.

२३ सप्टेंबर

घट बसले. मुलं कमी आली, पण आली त्यांच्याशी सगळ्यात अवघड भाग बोललो: हरायचं कुणी हे पेशींना कळतं कसं?

एक उत्तर, २००२ च्या त्याच कामातलं: जगण्याचा निरोप देणारं एक प्रथिन पेशींभोवती असतं, त्याला डीपीपी म्हणतात. ज्या पेशीला तो निरोप नीट पकडता येत नाही तिच्या आत मरणाचं चक्र फिरतं. दुसरं उत्तर २०१० चं: पेशीच्या पृष्ठभागावर फ्लॉवर नावाचं प्रथिन असतं, त्याची रूपं वेगवेगळी. कमजोर पेशी हरणाऱ्या रूपाचं प्रथिन बाहेर मांडते. पण सगळ्याच पेशींवर तेच रूप असेल तर कुणी मरत नाही; शेजारणीवर दुसरं रूप असेल तरच मरण. तिसरं उत्तर दाबाचं: वेगाने वाढणाऱ्या पेशी शेजारणींना चेपतात, आणि काही तऱ्हेच्या पेशी चेपलं जाणं सोसू शकत नाहीत. ही तिन्ही एकमेकांना खोडत नाहीत. वेगवेगळ्या झुंजीत वेगवेगळं चालतं.

मला स्वतःला सगळ्यात हलवून गेलं ते २०१८ चं काम. मायन्यूट पेशीत एक्सआरपी१ नावाचं जनुक जोरात चालू होतं. ते काढून टाकलं तर मायन्यूट पेशी शेजारणींच्या गराड्यातही जगतात, आणि त्यांची वाढही बरीच सुधारते. म्हणजे मंदपणाचंसुद्धा मोठं कारण रायबोझोम कमी पडणं हे नसून, ते कमी आहेत असं कळल्यावर पेशी स्वतःला जो आवर घालते तो आहे. प्रथिनं कमी बनतात म्हणून पेशी हरते, असं आपण इतके दिवस सरळ धरून चाललो होतो. मुलांच्या वहीत हे वाक्य बदलून घेतलं.

२६ सप्टेंबर

वर्गातल्या एका मुलीच्या घरी सिकलसेलचं कार्ड आहे. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आपल्याकडे हे नवीन नाही. आरोग्य केंद्रात तपासणी होते, आशाताई घरोघर फिरतात. तिने विचारलं, "रक्तात बी चढाओढ होते काय?"

याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं, म्हणून एक दिवस मागून घेतला. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकल झालेली पेशी १० ते २० दिवसांत फुटते. अस्थिमज्जा रोपणानंतर काही रुग्णांत दात्याच्या आणि स्वतःच्या पेशी मिसळून राहतात. मज्जेत दात्याचा हिस्सा पाचवा भाग इतकाच असला तरी अंगात फिरणाऱ्या तांबड्या पेशी बहुतांशी दात्याच्याच दिसतात आणि आजार उतरतो, कारण दात्याच्या पेशी टिकतात आणि सिकलच्या झडतात.

पण ही मोराताची चढाओढ नव्हे. इथे दात्याची पेशी सिकलच्या पेशीला मारत नाही. शेजारी कुणी असो-नसो, ती तेवढ्याच दिवसांत फुटणार. मायन्यूट पेशी मात्र एकटी असती तर जगली असती. मुलीने लगेच फरक धरला: "म्हंजे सिकल एकटी बी मरते, मायन्यूट शेजारामुळं मरते." आमच्या वर्गात या विषयाची याहून स्पष्ट कसोटी कुणी सांगितलेली नाही. तिचं वाक्य पटाच्या बाजूला लावायचं. तिने तिथे तिच्या घरचा उल्लेख नको म्हटलं, ते बरोबरच.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. सोयाबीन सोंगणीमुळे निम्मा वर्ग वावरात. उरलेल्यांसोबत पट उलटा केला.

आतापर्यंत तूर धडधाकट आणि सोयाबीन कमजोर. आता हरभरा आणला, तुरीहून वेगवान. नियम तेच. हरभऱ्याने तूर खाऊन टाकली. कालपर्यंत जिंकणारी पेशी आज हरणारी. तिच्यात काहीच बिघडलं नव्हतं.

२००४ साली हेच माशीत दिसलं. पेशीत मिक नावाच्या जनुकाचा जोर थोडा वाढवला तर ती शेजारच्या पूर्ण निरोगी पेशींना मारून जागा घेते. लॉरा जॉन्स्टन यांच्या गटाने आणि मोरेनो-बास्लर यांनी हे एकाच वर्षी छापलं. पंखाचं माप तरीही तेवढंच राहतं, वाढ आणि मरण एकमेकांना भरून काढतात. मिक हे माणसाच्या अनेक कर्करोगांतही जास्त असणारं जनुक आहे. पंख बाहेरून नीट दिसतो आणि आत मालकी बदललेली असते. म्हणून कुठल्याही पटावर 'जिंकलेली ती चांगली' असं लिहायचं नाही, हे मुलांना ठामपणे सांगितलं.

चांगल्या कामाचं उदाहरणही दिलं. उंदराचा गर्भ सहा-सात दिवसांचा असताना पेशींची अशीच निवड होते. २०१३ साली ती दिसली, आणि पुढच्या कामात त्या टप्प्यावर ३५ टक्क्यांच्या आसपास पेशी गळतात असं आढळलं. ज्यांची गुणसूत्रं किंवा ऊर्जा बिघडलेली त्या बाजूला पडतात आणि उरलेल्यांतून पिल्लू घडतं.

७ ऑक्टोबर

आजची चर्चा लांबली. विषय अन्ननलिकेचा होता.

२०१८ साली निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं गेलं, वय विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत. दर चौरस सेंटिमीटरला उत्परिवर्तन झालेल्या पेशींचे दहांपासून शेकड्यांपर्यंत पुंजके सापडले. मध्यम आणि उतारवयात नॉच१ या जनुकात बदल झालेल्या पेशींनी अस्तराचा १२ ते ८० टक्के भाग व्यापलेला. माणसं निरोगी. आणि गंमत अशी की अन्ननलिकेच्या कर्करोगात हा बदल निरोगी अस्तरापेक्षा कितीतरी कमी सापडतो. २०२१ साली उंदरांवर दिसलं की अस्तरातले असे जोरदार पुंजके नुकत्याच उगवलेल्या बारीक गाठींना ढकलून काढतात. चढाओढ इथे राखणीला येते.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, जो येणारच होता. "खर्रा खाणाऱ्याच्या गालात काय होते?"

गावात प्रत्येक चौकात खर्रा घोटला जातो, मुलांच्या घरांत खाल्ला जातो. मी सरळ सांगितलं: सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोग करतात. सुपारीने गालाखालचा थर घट्ट होत जातो, तोंड उघडेनासं होतं. २०१९ साली जपानमध्ये अन्ननलिकेवर झालेल्या अभ्यासात दिसलं की खूप दारू आणि धूम्रपान करणाऱ्यांत बदललेल्या पेशींचे पुंजके झपाट्याने पसरतात, आणि त्यात कर्करोगाशी जोडलेले बदल जास्त असतात. रोज इजा होत राहिली की नवे बदल तर होतातच, शिवाय कोणती पेशी जिंकेल याचे नियमही बदलतात. एरवी हरली असती ती पेशी त्या जखमी अस्तरात जिंकते.

एका मुलाने घरी जाऊन हे सांगायचं ठरवलं. वडील ऐकतील का, असं मी विचारलं नाही. त्याला पोस्टरची छोटी प्रत करून दिली.

१० ऑक्टोबर

सामान: पट, तीन डब्यांत दाणे (हरभऱ्याला पोरकिडा लागलाय, बदलायचा), चकतीचं मोठं चित्र, जिवंत माशांची एक बाटली, आकडेमोडीचं पोस्टर, नांग्याचं चित्र. सूक्ष्मदर्शक एसटीत मांडीवर घेऊन जायचा.

१४ ऑक्टोबर

प्रदर्शन झालं. पटाभोवती दिवसभर गर्दी होती. लहान मुलं नियम विचारण्याआधीच दाणे मांडायची, आणि बहुतेकांनी आधी एकट्या सोयाबीनचा पट भरून बघितला. आम्ही पटाशेजारी सूचना लिहिली नव्हती, तरीही.

एका परीक्षकांनी उपयोग विचारला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने कर्करोगाचं सांगितलं, मग स्वतःहून गर्भाचं. दुपारी आरोग्य केंद्रातल्या एक परिचारिका आल्या. त्यांनी पट पूर्ण खेळून बघितला, हरभऱ्यासकट, आणि विचारलं: चांगल्या पेशी बाहेरून घातल्या, तर त्या आतल्या खराब झालेल्या पेशींना हटवून जागा घेतील का?

हा प्रश्न आम्ही वर्गात चर्चेला घेतलेलाच नव्हता. उत्तर मी दिलं: हो, प्राण्यांत हे झालेलं आहे. उंदराच्या गर्भातल्या यकृताच्या पेशी मोठ्या उंदराच्या यकृतात घातल्या, तर त्या हळूहळू आजूबाजूच्या जुन्या पेशींना मरायला लावून जागा घेतात. यजमान उंदीर म्हातारा असेल तर जास्त घेतात. हरभऱ्यासारख्या त्या भरमसाट पसरत नाहीत, यकृताचं माप ओलांडत नाहीत.

परिचारिकांनी लगेच पुढचं विचारलं, मग घातलेली पेशी हरभरा होणार नाही याची खात्री कशी करायची. मुलगी वहीत लिहून घेत होती. पुढच्या पटासाठी चौथा नियम याच प्रश्नावरून करायचा आहे: जिंकणाऱ्या दाण्यालाही थांबण्याची अट हवी, पट भरल्यावर त्याने दुप्पट होणं सोडलं पाहिजे, आणि ती अट मोडणारा एक दाणा डब्यात मिसळून ठेवायचा. तो किती फेऱ्यांत ओळखू येतो ते बघायचं.

मूग हिरवा असतो, लांबून उठून दिसेल. त्यापेक्षा हरभराच घेऊ, खालून शाईचा ठिपका लावून.